फोनवर पान आडवं सरकतं, फोटो येत नाहीत: दर सीझनला परत येणारा बिघाड

"अरे, ते पान परत सरकतंय बघ. आणि वरचा फोटो तर येतच नाही." एप्रिल उजाडला की गुहागरजवळच्या एका घरगुती निवासाच्या मालकीणबाईंचा, म्हणजे आमच्या काकूंचा, हा फोन ठरलेला. चार खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, घरचं जेवण. साइट वर्डप्रेसवर मी करून दिलेली. मे महिन्याच्या गर्दीआधी काकू हौसेने नवे फोटो चढवतात आणि दोन दिवसांत पान बिघडतं. सलग तीन वर्षं हेच झालं. तिसऱ्या वर्षी मी एक अख्खा शनिवार देऊन मुळापर्यंत गेलो. मालक स्वतः फोटो टाकतो अशी साइट ज्यांच्या हाताखाली आहे, त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी लक्षणं वेगळी केली, कारण "साइट बिघडली" या दोन शब्दांत तीन निरनिराळे आजार लपलेले होते. अँड्रॉइड फोनवर पान उघडलं की सगळं बारीक दिसायचं, उजवीकडे पांढरी पट्टी राहायची आणि बोट लावलं की पान आडवं सरकायचं, हा एक. वरचा मोठा फोटो यायला खूप वेळ लागायचा, हा दुसरा. आणि तिसरा सगळ्यांत चीड आणणारा: "फोन करा" या बटणावर बोट ठेवायला जावं, तेवढ्यात वर एखादा फोटो उमटायचा, मजकूर खाली ढकलला जायचा आणि बोट भलत्याच ठिकाणी पडायचं. खोली घ्यायला आलेला माणूस तिथूनच परत जातो.

पहिल्या वर्षी मी हे सगळं "फोटो मोठे आहेत" या एका खात्यात टाकलं, फोटो हाताने छोटे केले आणि परत चढवले. ते वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी वेळ नव्हता, म्हणून पानाला वेढणाऱ्या मुख्य डिव्हला (सगळा मजकूर ज्यात बसतो त्या चौकटीला) "ओव्हरफ्लो-एक्स: हिडन" लावलं, म्हणजे आडवं बाहेर जाईल ते झाकून टाक. सरकणं थांबलं, काकू खूश. पण त्याच दिवसापासून वर चिकटून राहणारी "फोन करा" ही पट्टी स्क्रोल केलं की मजकुराबरोबर वर निघून जायला लागली. या दोन गोष्टींचा संबंध आहे हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. एका दिशेला हिडन लावलं की दुसरी दिशा आपोआप "ऑटो" होते, तो डिव्ह स्वतःच स्क्रोल होणारा डबा ठरतो, आणि आतली "पोझिशन: स्टिकी" असलेली पट्टी खिडकीला चिकटायचं सोडून त्या डब्याला चिकटू पाहते. डबा तर कधी स्क्रोल होतच नाही, मग पट्टी चिकटणार कुठे? कापायचंच असेल तर "ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप" वापरा, त्याने असा डबा तयार होत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की आडवं सरकणं झाकू नका. कोण बाहेर येतंय ते शोधा.

बाहेर कोण येतंय ते कसं शोधायचं

सगळ्यात आधी पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पानाची रुंदी पडद्याएवढी धर असं ब्राउझरला सांगणारी ओळ, आहे ना, ते पाहा. तो नसेल तर मोबाइल ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि मग लहान करून दाखवतो. तुमच्या मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे नियम) कितीही छान असोत, त्या लागूच होत नाहीत. आमच्याकडे टॅग होता. तरी पान बारीक का दिसत होतं? कारण एखादी वस्तू पडद्यापेक्षा रुंद असली, की अँड्रॉइडवरचा क्रोम ती मावावी म्हणून अख्खं पान झूम-आउट करून दाखवतो. म्हणजे अक्षरं बारीक दिसणं आणि पान सरकणं हे एकाच दुखण्याचे दोन चेहरे.

आता माझी शोधायची पद्धत. ती फार साधी आहे आणि आजवर तिने दगा दिलेला नाही. संगणकावर क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडायची, फोनचं दृश्य लावायचं, रुंदी ३६० करायची. दुसऱ्या वर्षीचं ते हिडन आधी काढून टाकायचं, नाहीतर दोषी सापडणारच नाही. मग एलिमेंट्सच्या पॅनलमध्ये पानाचा एकेक विभाग निवडून डिलीटची कळ दाबायची. आडवा स्क्रोल गेला, की नुकताच जो विभाग उडवला त्यातच दोषी. कंट्रोल-झेड करून तो परत आणायचा आणि त्याच्या आत शिरून पुन्हा हेच. पाच-सात वेळा केलं की नेमकी वस्तू हाताला लागते. एक सापडली म्हणून थांबायचं मात्र नाही. स्क्रोल संपला की नाही हे पुन्हा पाहायचं, कारण रुंद वस्तूच्या आड दुसरी थोडी कमी रुंद वस्तू दडलेली असते.

आमच्या पानात तीन निघाल्या. पहिली वस्तू म्हणजे काकूंनी एडिटरमध्ये थेट चिकटवलेला फोटो. थीममध्ये फोटोंना "मॅक्स-विड्थ: १००%" होतं, पण ते फक्त एका क्लासच्या, म्हणजे टॅगवर ठरावीक नाव लिहिलेल्या फोटोंना. हाताने चिकटवलेल्या टॅगवर तो क्लास नव्हता, त्यामुळे ४००० पिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेलच व्यापत होता. हा नियम क्लासवर लावायचाच नसतो. वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची, म्हणजे पडद्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या पानाची, कल्पना मांडली, तेव्हा लवचिक ग्रिड आणि मीडिया क्वेरींच्या जोडीला लवचिक चित्रं हा तिसरा पाय सांगितला होता. तो पाय सगळ्या चित्रांखाली असला तरच उपयोग. आता आमच्या सीएसएसच्या (पान कसं दिसावं हे ठरवणाऱ्या नियमांच्या) सुरुवातीलाच प्रत्येक इमेज टॅगला "मॅक्स-विड्थ: १००%" आणि "हाइट: ऑटो" आहे. यातलं दुसरं विसरलात तर रुंदी आक्रसते, उंची तशीच राहते आणि फोटोतली माणसं लांबुडकी दिसतात.

दुसरी वस्तू नकाशा. गूगल मॅप्सवरून एम्बेडचा कोड घेतला की त्यात ६०० रुंदी आणि ४५० उंची लिहिलेली येते. यूट्यूबच्या व्हिडिओचंही तसंच, ५६० बाय ३१५. आयफ्रेमला, म्हणजे दुसऱ्या साइटचा तुकडा दाखवणाऱ्या या चौकटीला, वरचा इमेजचा नियम लागत नाही. नकाशाच्या आयफ्रेमला "विड्थ: १००%", "हाइट: ऑटो" आणि "ॲस्पेक्ट-रेशो: ४ / ३" असं वेगळं सांगावं लागतं.

तिसरी वस्तू सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि बिघाड दर वर्षी नव्याने का उगवतो याचं उत्तरही तिच्यातच होतं. खोल्यांच्या फोटोंची एक आडवी पट्टी आहे, बोटाने डावीकडे सरकवत पाहायची. प्रत्येक फोटो २४० पिक्सेल, मध्ये १२ ची फट, पट्टीला "ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो". दिसायला सगळं बरोबर. पण ही पट्टी ज्या विभागाच्या आत होती तो विभाग ग्रिडमध्ये (स्तंभांत मांडणी करायच्या पद्धतीत) बसलेला, आणि त्या ग्रिडचा स्तंभ होता "१एफआर". आता १एफआरचा अर्थ आपण घेतो "उरलेली जागा". ब्राउझर घेतो "उरलेली जागा, पण आतल्या मजकुराच्या किमान रुंदीपेक्षा कमी नाही". आकुंचन न पावणारे नऊ फोटो म्हणजे २१६० आणि आठ फटींचे ९६, एकूण २२५६ पिक्सेल. ग्रिडचा स्तंभ तेवढा ताणला गेला, त्यामुळे पट्टीला आत स्क्रोल करायची गरजच उरली नाही आणि पानच सरकायला लागलं. काकूंनी एक फोटो वाढवला की पान आणखी २५२ पिक्सेलनी रुंद! इलाज दोन शब्दांचा: १एफआरच्या जागी "मिनमॅक्स(०, १एफआर)", किंवा ग्रिडच्या त्या घटकाला "मिन-विड्थ: ०". फ्लेक्समध्ये (मांडणीच्या दुसऱ्या पद्धतीत) असाच प्रकार झाला तरी हेच मिन-विड्थ शून्य कामाला येतं.

"१००व्हीडब्ल्यू", म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, याबद्दल एक सांगून ठेवतो. हे माप आमच्या दोषींत नव्हतं, पण दुसऱ्या एका साइटवर भेटलं. विंडोजच्या संगणकावर उभी स्क्रोलपट्टी जागा खाते आणि १००व्हीडब्ल्यूमध्ये ती जागाही धरलेली असते, म्हणून पान पट्टीच्या रुंदीएवढं आडवं सरकतं. फोनवर हे दिसतच नाही. साधं १००% लिहा.

फोटो जड का, आणि किती हलका हवा

फोनने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो आणि फाइल सहज तीन-चार एमबीची. असे दहा फोटो म्हणजे तीस-चाळीस एमबी. रेंज एका काडीची असली, की ते कधी उतरायचे? आणि फाइल उतरल्यावरही सुटका नाही. ब्राउझरला ती उलगडावी लागते. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एकाच फोटोला ४८ एमबी मेमरी. साधा फोन स्क्रोल करताना अडखळतो तो यामुळे. जेपीईजी कितीही दाबून फाइल ४०० केबीची केलीत, तरी पिक्सेल तेवढेच असतील तर हे ४८ एमबी तसेच राहतात. म्हणून आधी लांबी-रुंदी कमी करा, मग दाबा. या क्रमाबाबत मी हट्टी आहे.

किती कमी करायची? आमच्या पानाला दोन्ही बाजूंना १६ पिक्सेलचा समास आहे, म्हणजे ३६० च्या फोनवर फोटोला ३२८ मिळतात. पडदा तिप्पट घनतेचा असेल तर ९८४ खरे पिक्सेल. म्हणजे १०२४ चा फोटो पुरेसा, ४००० चा कशाला? ही निवड ब्राउझरवर सोडता येते. "सोर्ससेट" मध्ये एकाच फोटोच्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती द्यायच्या आणि "साइझेस" मध्ये सांगायचं की पानावर हा फोटो किती रुंद दिसणार आहे. सोर्ससेट देऊन साइझेस न देणं ही चूक मी खूप ठिकाणी पाहिली आहे. साइझेस नसेल तर ब्राउझर फोटो पडद्याएवढा रुंद धरतो. आमच्या दोन-दोनच्या रांगेतला फोटो खरा १५८ पिक्सेल रुंद, तिप्पट पडद्यावर ४७४. साइझेस नसताना ब्राउझर १०८० चा शोधायला जातो, म्हणजे गरजेच्या पाचपट पिक्सेल.

वर्डप्रेसमध्ये हे बरंचसं आयतं मिळतं. ४.४ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१५ पासून, सोर्ससेट आपोआप लागतो. ५.३ पासून २५६० पेक्षा मोठा फोटो चढवला तर तो तेवढाच करून वापरला जातो, आणि ७६८, १०२४, १५३६, २०४८ अशा प्रती तयार होतात. मग आमच्याकडे का नव्हतं? कारण गॅलरीच्या टेम्प्लेटमध्ये मूळ फाइलचा पत्ता थेट इमेज टॅगमध्ये टाकलेला होता. त्या टॅगला ना सोर्ससेट, ना रुंदी, ना उंची. सर्व्हरवर छोट्या प्रती तयार पडून होत्या आणि पान मूळ फाइलच वाढत होतं. त्या जागी "डब्ल्यूपी_गेट_अटॅचमेंट_इमेज" हे फंक्शन लावलं आणि साइझेस हाताने लिहिलं. पानाचं वजन एका ओळीच्या बदलाने उतरलं. पहिल्या वर्षी मी फोटो छोटे करत बसलो होतो, तेव्हा दुरुस्ती हवी होती ती या ओळीला.

तिसरं दुखणं, मजकूर उडी मारण्याचं, त्याच ओळीने गेलं. हे फंक्शन टॅगमध्ये रुंदी-उंची लिहितं. पूर्वी आम्ही रिस्पॉन्सिव्ह करताना हे दोन आकडे मुद्दाम काढून टाकायचो आणि ती सवय अजून अनेकांच्या हातात आहे. २०१९-२० पासून ब्राउझर या दोन आकड्यांवरून फोटोचं प्रमाण काढतात आणि फोटो यायच्या आधीच जागा धरून ठेवतात. १०२४ आणि ७६८ लिहिलं की ३२८ च्या रुंदीला २४६ ची उंची आधीच राखीव. फोटो नंतर केव्हाही येवो, "फोन करा" जागचं हलत नाही. गूगलच्या वेब व्हायटल्समध्ये या हलण्याला सीएलएस म्हणतात आणि तो ०.१ च्या आत असावा अशी अपेक्षा आहे.

वरचा मोठा फोटो मात्र याने सुटला नाही. तो सीएसएसमध्ये बॅकग्राउंड म्हणून होता. ब्राउझर एचटीएमएल वाचता वाचता पुढचे इमेज टॅग आधीच हेरून मागवायला लागतो, पण बॅकग्राउंडचा फोटो त्याला सीएसएस उतरून लागू होईपर्यंत कळतच नाही. मी तो साधा इमेज टॅग केला, तो चौकट भरून दिसावा म्हणून "ऑब्जेक्ट-फिट: कव्हर" लावलं, आधी मागवला जावा म्हणून "फेचप्रायॉरिटी: हाय" दिलं. आधीच्या एका प्लगइनने सगळ्याच फोटोंना "लोडिंग: लेझी" (स्क्रोल करून जवळ आल्यावरच फोटो मागव) लावलेलं होतं, ते वरच्या फोटोवरून काढलं. जो फोटो पान उघडताच दिसायला हवा त्याला आळशी करून कसं चालेल? खालच्या फोटोंना लेझी हवंच.

फोटो जेपीईजीपेक्षा जास्त दाबणाऱ्या नव्या प्रकारांतला वेबपी घ्यायचा की एव्हीआयएफ, यावर मी फार वेळ घालवला नाही. वेबपी सफारीतही २०२० पासून चालतं, एव्हीआयएफ आणखी दाबतं पण बनवायला सर्व्हरला जड जातं. आम्ही वेबपी ठेवलं, गुणवत्ता ७५ च्या आसपास. वाडीच्या फोटोत झावळ्यांची बारीक पाती असतात, तिथे यापेक्षा खाली गेलं की हिरवा गिचका होतो. तो आकडा डोळ्यांनी पाहून ठरवा.

दरपत्रक चित्रात घालू नका

मराठी साइटवर हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे चित्रात लिहिलेलं दरपत्रक. काकूंनीही कोणाकडून तरी १०८० रुंदीचं सुंदर पोस्टर करून घेतलेलं: खोलीचे दर, उकडीचे मोदक आगाऊ सांगितल्यास, मासळीचं ताट वेगळं. पोस्टरवरची २८ पिक्सेलची अक्षरं ३२८ च्या रुंदीत साडेआठ पिक्सेलची होतात. इंग्रजी अक्षर एवढ्यात कसंबसं ओळखू येतं, पण देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, रफार, अनुस्वार सगळे एकमेकांत मिसळतात. एका पाहुण्याने खरंच फोन करून विचारलं होतं की दर माणशी आहे की खोलीचा. पोस्टर काढून तोच मजकूर साध्या तक्त्यात लिहिला. आता तो वाचता येतो, मोठा करता येतो, शोधात सापडतो, आणि दर बदलला की काकू स्वतः बदलतात.

मजकूर देवनागरीत आला की त्याची सीएसएसही थोडी बदलावी लागते. ओळींमधलं अंतर १.६ ते १.७ ठेवा, १.२ वर उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. कार्डाला ठरावीक उंची आणि हिडन देऊ नका, शेवटच्या ओळीचे उकार कापले जातात. "मिन-हाइट" द्या. लांबलचक लिंक किंवा जोडशब्द अरुंद स्तंभाला ढकलत असेल तर "ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर" लावा. "ब्रेक-वर्ड" ने शब्द तुटतो, पण ग्रिडच्या लेखी त्याची किमान रुंदी तशीच राहते, आणि आपला १एफआर पुन्हा ताणला जातो.

दुरुस्तीनंतरही जुनंच दिसतंय?

सगळं करून झालं, माझ्याकडे पान ठणठणीत, आणि काकूंचा फोन: "काही फरक नाही रे." त्यांच्या फोनवर जुनी सीएसएस कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली, होती. कॅश पुसायला सांगत बसू नका, बाकीच्या पाहुण्यांना कुठे सांगणार? सीएसएसच्या पत्त्याला जोडलेला आवृत्ती क्रमांक वाढवा. तरीही काही जुने फोटो भलेमोठेच येत होते. फोटोंची मापं बदलली तर ती फक्त पुढे चढवलेल्या फोटोंना लागू होतात. जुन्यांच्या प्रती नव्याने बनवाव्या लागतात. सर्व्हरवर डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवायचं साधन) असेल तर "डब्ल्यूपी मीडिया रीजनरेट" ही एक आज्ञा पुरते.

याच्या उलट तक्रारही आली: दोन फोटो संगणकावर धुरकट. ते भाच्याने व्हॉट्सॲपवरून पाठवलेले, तिथेच छोटे होऊन दाबले गेलेले. दाबलेला फोटो परत मोठा होत नाही. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवून घेतले.

त्या भाच्याचा फोन आयफोन, त्यामुळे मूळ फाइल्स आल्या त्या एचईआयसी, म्हणजे आयफोनच्या फोटोंच्या प्रकारात. क्रोममध्ये त्या दिसत नाहीत. वर्डप्रेस ६.७ पासून अशी फाइल चढवली की तिची जेपीईजी होते, पण सर्व्हरवरच्या इमेजमॅजिकला (फोटो हाताळणाऱ्या प्रोग्रामला) ती वाचता यायला हवी, आणि आमच्या सर्व्हरला ती येत नव्हती. म्हणून त्याला फोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन "मोस्ट कॉम्पॅटिबल" निवडायला सांगितलं. तेव्हापासूनचे त्याचे फोटो थेट जेपीईजी येतात आणि काकू ते माझ्याशिवाय चढवतात.